नानांचं उट्टं

नानांचा घोडा मारला की डाव संपला असं समजायचं. सोंगट्या पुढे हलत राहायच्या, पण नानांना तो डाव जिंकायचा नसायचा. त्यांना समोरच्याचा घोडा हवा असायचा. त्यासाठी ते उंट द्यायचे, हत्ती द्यायचे, एकदा तर वजीर दिलेला मी पाहिलाय. घोडा हाती लागला की तो पटाच्या कडेला न ठेवता सदऱ्याच्या खिशात टाकायचे, वरून खिसा थोपटायचे आणि मागे रेलून म्हणायचे, "आता कर मात. माझं झालं."

चारकोपला आमच्या सेक्टरमध्ये मंडळाची पत्र्याची शेड आहे. एक कॅरम, दोन बुद्धिबळाचे पट, आवाज न येणारा टीव्ही. संध्याकाळी सहाला ती उघडायची, आणि उघडायचे नानाच. त्याला कारण होतं. गणपतीत मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा होते आणि आमच्याकडची रीत अशी की जिंकेल त्याच्याकडे वर्षभर शेडची किल्ली. ज्याच्याकडे किल्ली, तो पुढच्या वर्षी थेट शेवटच्या डावाला बसतो. नानांकडे ती किल्ली इतकी वर्षं होती की नवीन राहायला आलेले लोक त्यांना मंडळाचा वॉचमन समजायचे. मालवणकडचा माणूस, भांडुपच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मुलगा कुडाळला. दिवसाला धरून ठेवणारी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती, संध्याकाळी सहाला कुलूप उघडणं.

डूख धरणं हा त्यांचा स्वभाव होता, पण त्यालाही त्यांचे नियम होते. गायकवाड म्हणून आमच्या सेक्टरमधले एक गृहस्थ. त्यांनी एकदा नानांचा घोडा मारला आणि डाव अर्धा टाकून निघून गेले, कारण त्यांचा टेम्पो आला होता. ते बदलापूरला राहायला चालले होते. पुढे कैक वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ते शेडमध्ये आले. नानांनी पत्रिकेकडे पाहिलंही नाही. पट मांडला.

"बसा."

"अहो नाना, अजून वीस घरं करायचीत मला."

"माझा एक घोडा बाकी आहे तुमच्याकडे."

गायकवाड हसत बसले. नानांनी घोडा काढला, खिशात टाकला, मग हात पुसून पत्रिका घेतली आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले.

मासळी बाजारातही तेच. एका मावशीने एकदा त्यांना शिळे बांगडे दिले. त्यानंतर वर्षभर नाना रोज तिच्यापुढे उभे राहायचे, भाव विचारायचे, मासा उलटसुलट करून बघायचे आणि शेजारणीकडून घ्यायचे. ती शिव्या घालायची, हे ऐकून घ्यायचे. वर्ष झाल्यावर एक दिवस तिच्याचकडून सुरमई घेतली. म्हणाले, "फिटलं." तिनेही वर दोन बोंबील टाकले. हे मी मुद्दाम सांगतोय. नानांनी उट्टं काढलं की माणूस मोकळा व्हायचा. काढलं नाही, तर नाही.

आता माझं. मी सतीश, शेडमध्ये सत्या. अंधेरीला मोबाईलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. माणसाला खेळायला दुसरा माणूस मिळाला नाही की आमचा प्रोग्रॅम समोर बसतो, आणि तो माणूसच वाटला पाहिजे, हे माझं काम. चांगलं खेळणारा प्रोग्रॅम आता कोणीही बनवतो. माणसासारखं खेळणारा बनवणं कठीण. तो कुठे चुकेल, कुठे थांबेल, कोणत्या सोप्या गोष्टीला फसेल, हे सगळं शिकवावं लागतं. या कामाचा मला अभिमान होता. मी मुळात कमी बोलणारा, पण या विषयावर बोलायचो.

नानांनी एकदा विचारलं, "माणसासारखा खेळतो म्हणजे काय करतो?"

"विचार केल्यासारखा थांबतो, नाना. मधूनच चुकतो."

"म्हणजे आमच्या भाऊजींसारखा. तो माणूस आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही."

शेड हसली. मीही हसलो. पण एका रविवारी माझी बायको मला बोलवायला शेडच्या दारात आली. पाहुणे आले होते घरी. मी नुकताच नानांकडून हरलो होतो. नाना तिला म्हणाले, "सूनबाई, तुझा नवरा खोटी माणसं बनवतो. आणि तीही याच्यासारखीच घाबरट. समोरच्याने डोळे वटारले की मागे." पुन्हा सगळे हसले. बायकोही हसली. वाईट मनाने नाही, पण हसली. मी चपला घालून तिच्यामागून निघालो. नाना डूख धरतात हे सगळ्यांना माहीत होतं. मीही धरतो, हे कोणालाच माहीत नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये शेड बंद होती तेव्हा नानांच्या मोबाईलवर बुद्धिबळाचं ॲप मीच टाकून दिलं होतं. खातं मीच उघडलं, पासवर्ड मीच ठेवला. त्या काळात नाना दिवसभर खेळायचे, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी. ते सगळे डाव ॲपमध्ये जसेच्या तसे पडून होते. मी ते काढून घेतले आणि माझ्या प्रोग्रॅमला खाऊ घातले. त्यांना विचारलं नाही. महिनाभरात तो नानांसारखा खेळायला लागला. सुरुवातीला कडेचं प्यादं उगाच एक घर पुढे. वजीर लवकर बाहेर. डाव लांबला की उजव्या बाजूकडे दुर्लक्ष, कारण नानांना त्या डोळ्याने कमी दिसायचं. ते सुद्धा प्रोग्रॅमने उचललं, डोळ्याबद्दल कोणी सांगितलं नसताना. मला पहिल्यांदा वाटलं, की झालं. माणूस करता येतो.

हे मी नानांना दाखवू शकलो असतो. ते कौतुकाने शिव्या घालत बसले असते. मी ते सावंतला दिलं.

सावंत मंडळाचा खजिनदार. मंडप-डेकोरेशनचा धंदा, आणि माल ठेवायला जागा नाही. शेडवर त्याचा डोळा होता, पण किल्ली नानांकडे. खेळायचा बरा, नानांसमोर मात्र दरवेळी ढेपाळायचा. मी त्याच्या मोबाईलवर प्रोग्रॅम टाकून दिला. "टाइमपास आहे," एवढंच म्हटलं. त्याने दोन डाव खेळून माझ्याकडे पाहिलं. "हा तर म्हातारा आहे रे, यार." मी मान हलवली. त्यापलीकडे आमच्यात काही बोलणं झालं नाही. गरजच नव्हती. गणपतीला तेव्हा तीन महिने होते.

स्पर्धेत तो सगळ्यांना हरवत शेवटच्या डावाला आला. नाना वाट बघत बसलेलेच होते. मी त्यांच्या मागे उभा होतो आणि प्रत्येक चाल मला आधीच माहीत होती. कडेचं प्यादं. वजीर बाहेर. सावंत पटापट उत्तरं देत होता. उजव्या बाजूने त्याने उंट आत आणला तेव्हा नानांनी तो पाहिलाच नाही. मात झाल्यावर ते पटाकडे बघत नव्हते, सावंतच्या हातांकडे बघत होते. शेजारच्याला म्हणाले, "हा विचार करत नव्हता. हा आठवत होता."

नारळ आणि किल्ली सावंतला मिळाली. आठवड्याभरात शेडमध्ये बांबू, कापडाचे गठ्ठे, हॅलोजन. शेड फक्त रविवारी उघडायची, तीही तासभर. नाना पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसायला लागले. सहा वाजले की येऊन बसायचे, मोबाईल डोळ्यांजवळ धरून. मी रिक्षातून उतरून त्यांच्यासमोरून घरी जायचो. "काय नाना, झकास?" विचारायचो. ते म्हणायचे, "झकास."

सावंतला शेवटी राहवलं नाही. दिवाळीत कधीतरी त्याने नानांसमोर मोबाईल नाचवला. "नाना, तुम्ही माझ्या खिशात आहात. सतीशने बनवलंय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाना दुपारी माझ्या घरी आले. बायकोने पोहे केले, ते त्यांनी संपवले, चहा घेतला, सूनबाईची चौकशी केली. मग मला म्हणाले, "दाखव मला."

"काय, नाना?"

"गप, मेल्या. मला दाखव."

मी लॅपटॉप समोर ठेवला. नाना नानांशी खेळायला बसले. सुरुवातीला त्यांना मजा वाटली असावी. कडेचं प्यादं पुढे आलं तेव्हा म्हणाले, "बघ, गाढव." मग गंभीर झाले. त्यांनी आपला हत्ती देऊन त्याचा घोडा मारला. काही गरज नव्हती. तोट्याचा सौदा होता. आणि हात मांडीवर ठेवून ते थांबले. प्रोग्रॅम नानांइतकाच वेळ थांबला. मग त्याने शांतपणे हत्ती घेतला आणि राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला.

नानांनी पुन्हा डाव मांडायला सांगितला. पुन्हा तेच केलं, जास्त उद्धटपणे. प्रोग्रॅमने पुन्हा शहाणी चाल केली.

"सत्या, याला राग येत नाही."

"मोबाईलवर तुम्ही अनोळखी माणसांशी खेळलात, नाना. तिकडे तुम्ही उट्टं काढलंच नाहीत. जे केलंच नाहीत ते त्याला कुठून येणार?"

"तोंड नाही दिसलं तर सूड कोणावर उगवू?" ते म्हणाले. "डोळा घेतलास माझा, खोड्या घेतल्यास. पित्त राहिलं. ह्यो मी नाय." चिडले की ते मालवणीत जायचे. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली होती. "का केलंस?"

मी बरीच उत्तरं शोधली. शेवटी खरं ते सांगितलं. "तुम्ही तिच्यासमोर मला घाबरट म्हणालात."

मला वाटलं, आता माफी मागतील किंवा मारतील. त्यांनी मान डोलावली. कारण पटल्यासारखी. "बरोबर आहे. उट्टं काढलंस. पण मला सांगून काढायचं होतंस, झिला. समोर बसून. दुसऱ्याच्या हाताने काढलंस ना, म्हणून फिरून तुझ्यावर आलं. ते मी काढणार. आधी सावंताचं."

पुढच्या गणपतीत चिठ्ठ्या पडल्या आणि उपांत्य डावात नाना आणि मी समोरासमोर आलो. बांबू बाजूला सारून पट मांडला होता. मी हरायच्या तयारीने बसलो होतो. आपलं काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं मनात होतं. तीन-चार चाली झाल्या आणि नानांनी हात पुढे केला.

"मी डाव सोडतो. लिहा, नाना हरले."

नानांनी आयुष्यात डाव सोडला नव्हता. मात होईपर्यंत बसायचे, आणि मात झाल्यावरही जरा बसायचे. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाले, "माझ्याशी तीन महिने खेळलाय सावंत. तू बस त्याच्यासमोर. माझ्यासारखं खेळून दाखव."

मी तसाच खेळलो. कडेचं प्यादं पुढे केलं तेव्हा सावंत हसला. "काय रे, नाना अंगात आले काय?" मी वजीर लवकर बाहेर काढला. तो ओळखीच्या रस्त्याने भराभर चालत आला, पाठ केलेल्या उत्तरांसकट. आम्ही दोघंही माझाच प्रोग्रॅम खेळत होतो, मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. मग त्याने माझा घोडा मारला. इथे प्रोग्रॅम राजा कोपऱ्यात नेतो. सावंतचा हात पुढच्या चालीसाठी आधीच उचललेला होता.

मी हत्ती टाकून त्याचा घोडा मारला.

ती चाल चांगली नव्हती. आज कुठल्याही प्रोग्रॅमला विचारा, तो ती चूक म्हणेल. पण सावंतचा हात हवेतच राहिला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला विचार करायची वेळ आली होती, आणि त्याला दिसलं की मी त्याच्याकडे बघतोय. पटाकडे नाही, त्याच्याकडे. अंधेरीच्या ऑफिसात बसून मी ज्या गोष्टीचा कधी हिशेब केला नव्हता ती त्या क्षणी माझ्या छातीत होती. मला त्याचं वाटोळं करायचं होतं. त्याचं, आणि त्याला तो प्रोग्रॅम देणाऱ्या माणसाचं. सावंत घाबरला. एक चूक केली, ती लपवायला दुसरी. त्याचा घोडा मी माझ्या खिशात टाकला होता, ते मला मात झाल्यावर कळलं.

किल्ली मिळाली तशी मी ती नानांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"जिंकणाऱ्याची किल्ली. बांबू काढायला लाव त्याला. आणि वेळेवर उघड, मी सहाला येतो."

"नाना, आता फिटलं ना?"

"ते सावंताचं होतं."

मी कंपनीत सांगून वेळ बदलून घेतली आणि रोज सहाला शेड उघडू लागलो. नाना यायचे. सगळ्यांशी खेळायचे. गणितात नापास होणाऱ्या पोरांशी, नवीन वॉचमनशी, सावंतशीसुद्धा, कारण त्याचं फिटलं होतं, त्याच्या खांद्यावर हात टाकून हसायचे. माझ्याशी खेळायचे नाहीत. बोलणं मात्र पूर्वीसारखंच होतं. चहा माझाच प्यायचे. मी समोर जाऊन बसलो की पट दुसऱ्याकडे सरकवायचे. मी वाट बघायला शिकलो. आज काढतील, उद्या काढतील. रागावलेल्या माणसापुढे उभं राहता येतं. नाना माझ्यावर रागावलेलेही दिसायचे नाहीत, आणि विसरलेलेही.

एकदाच बसले. पाऊस होता, शेडमध्ये आम्ही दोघंच. मी मनाशी ठरवलं की यांना जिंकू द्यायचं आणि मोकळं व्हायचं. डाव बरोबरीत चालला होता, तेव्हा मी माझा वजीर त्यांच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला. नानांनी तो उचलला, माझ्या जागेवर परत ठेवला.

"हे तुझ्या मोबाईलवाल्यासारखं झालं. अर्धा तास धड खेळायचं आणि मधेच वजीर फेकायचा. माणूस असा चुकत नाही. माणूस चुकतो त्याला कारण असतं."

"कारण आहे, नाना."

"मग ते कारण घरी ठेवून ये." आणि ते उठून गेले.

त्या वर्षाच्या शेवटी त्यांचं हृदय कुरकुर करायला लागलं आणि मुलगा त्यांना कुडाळला घेऊन गेला. टेम्पोत बसताना सगळ्यांना भेटले. मला म्हणाले, "दाराला तेल लाव, बिजागरी वाजते." मी खिडकीपाशी उभा राहिलो, अजून काही म्हणतील म्हणून. टेम्पो निघाला.

दोन महिन्यांनी मोबाईलवर आव्हान आलं. नानांचं खातं. एका चालीला तीन दिवस मुदत असलेला, सावकाशीचा डाव. मी हातातलं काम टाकून पहिली चाल केली. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. शेवटी माणूस माझं उट्टं काढायला बसला होता. मी खरं खेळलो, पूर्ण जोर लावून, कारण आता त्यांना फसवायचं नव्हतं. आणि तरीही हरत गेलो. कडेचं प्यादं नाही, वजीर लवकर बाहेर नाही. माझ्या प्रोग्रॅमने त्यांना ओळखलंच नसतं. माझ्या एकेका सोंगटीचा पाठलाग करत ते आले. पावसाळा सरेपर्यंत माझा राजा एका कोपऱ्यात अडकला. त्यांचा हत्ती शेवटच्या ओळीत उतरला की मात. एक चाल. शाळेतल्या पोराला दिसेल अशी.

मी डाव सोडू शकत होतो. सोडला नाही. ती चाल त्यांची होती, त्यांना ती करायला मिळायला हवी होती.

पहिल्या दिवशी चाल आली नाही. नानांच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसत होता, म्हणजे ते ॲप उघडून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका, संध्याकाळी ठिपका, चाल नाही. मला वाटलं, उजव्या डोळ्याचं असेल. फोन करावासा वाटला, पण काय सांगणार, की नाना, हत्ती टाका? तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो तेव्हा मोबाईल वाजला. मुदत संपली होती. ॲपने रंगीत कागदाचे तुकडे उडवले आणि लिहिलं, अभिनंदन, तुम्ही जिंकलात.

त्यानंतर आठवडाभराने नाना गेले. झोपेतच. मुलाचा फोन आला. बाकीचं बोलून झाल्यावर मी त्याला त्या डावाबद्दल विचारलं. दिसलं नव्हतं का त्यांना?

"दिसलं होतं रे, सतीश. रोज ओटीवर बसून तोच डाव बघायचे. मला थोडं कळतं त्यातलं. मी म्हटलं, बाबा, हत्ती टाका ना, मात आहे. तर म्हणाले, दिसतंय मला."

"मग?"

"मीही तेच विचारलं. मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाले, बसू दे सत्याला तसाच. आणि हसले. काय होतं रे ते तुमचं?"

मी त्याला काही सांगितलं नाही. आता सांगतोय.

कंपनीत आमचे प्रोग्रॅम अजून सुधारतायत. मात दिसली नाही म्हणून ती न करणारा माणूस आम्ही केव्हाच बनवलाय. आता आमच्याकडे दमणारा माणूस आहे, घाई करणारा आहे, घाबरणारा तर पहिल्यापासून आहे. लोकांना फरक कळत नाही. मला तो रोज कळतो, मोबाईल उघडला की. झालेल्या डावांच्या यादीत सगळ्यात वर नानांचं नाव आहे आणि माझ्या नावापुढे विजयाची हिरवी खूण. ती काढायची सोय त्या ॲपमध्ये नाही. मी शोधली.